खंडूच्या पोटऱ्या

आमच्या घरात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी कुणी बघायचं नाही, पोटऱ्यांकडे बघायचं. हसू नका, खरं सांगते. नवा दूधवाला असो, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला पाहुणा असो, अप्पांची नजर पहिल्यांदा खाली जायची आणि तिथेच माणूस कसा आहे ते ठरून जायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, गरडीचे वस्ताद होते. तुमच्याकडे जिला तालीम म्हणतात तिला आमच्या बेंगळुरात गरडी म्हणतात. पेटेतल्या, म्हणजे जुन्या पेठेतल्या, आमच्या गल्लीत घराला भिंत लावूनच गरडी होती, पणजोबांच्या वेळची. दार एवढं बुटकं की कितीही मोठा पैलवान असला तरी वाकूनच आत जायचा. आत काळोख, आणि मधोमध लाल मातीचा हौदा. बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही अशी रीत, त्यामुळे आईला आणि मला गरडी माहीत होती ती कानानं आणि नाकानं. जोर काढणाऱ्यांचे हुंकार, मांडीवर शड्डू ठोकल्याचा फाडकन आवाज, माती उकरणाऱ्या फावड्याची खसखस. आणि त्या मातीत मुरवलेल्या ताकाचा, हळदीचा, तेलाचा आंबूस वास. तो वास आमच्या धुतलेल्या कपड्यांनासुद्धा यायचा. शाळेत शेजारी बसणारी मुलगी नाक धरून म्हणायची, तुझ्या घरी लोणच्याच्या बरणीत झोपता का ग तुम्ही?

आम्ही मराठे, कुठल्याशा फौजेबरोबर कधीकाळी इकडे आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी बोलायचो, पण पुण्याच्या माणसानं ऐकली असती तर त्याला ती निम्मी कानडीच वाटली असती. रोज नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि त्यावर पातळ सारू, रविवारी मटण, आणि दुपारी पाट्यावर बदाम वाटायचं काम माझं. पैलवानांसाठी बदाम, खसखस, वेलदोडे, सगळं दुधात घोटून मोठ्या पितळी पातेल्यात ठेवायचं. अप्पा दिवसा चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात गाठोडी बांधायचे, उचलायचे. पण तो नुसता दिवस काढणं होतं. त्यांचा जीव सकाळ-संध्याकाळच्या त्या लाल मातीत.

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी खंडू झाला. आधी दोन गेलेले, म्हणून त्याचं फार कौतुक. तो चालायला स्वल्प उशिराच लागला, पण चालायला लागला आणि गल्लीत गाजला. कशानं, तर पोटऱ्यांनी. तीन-चार वर्षांचं पोर, आणि पोटऱ्या अशा टणक, गोल, फुगीर, जशा मोठ्या माणसाच्या. गरडीतली मंडळी बाहेरच्या जगलीवर, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यावर, अंग पुसत बसायची आणि खंडूला मध्ये उभा करायची.

"वस्ताद, हा पोटातच बैठका मारत होता की काय?" रहीम म्हणायचा. हा अप्पांचा सगळ्यात लाडका चेला, शिवाजीनगरच्या बाजारात लोखंडाचं काम करणारा.

"वहिनी, तुम्ही आम्हाला पाणी घालून बदाम देता आणि खरा माल ह्याला चारता," दुसरा कुणी म्हणायचा.

आई आतून म्हणायची, "दृष्ट लावू नका रे मेल्यांनो," आणि संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची.

चालही तशीच होती त्याची. छाती पुढे, पाठीला बाक, पोट काढून, टाचा न टेकवता डुलत डुलत चालायचा. पैलवान हौद्यात उतरताना जसे चालतात ना, अगदी तसं. आणि खाली बसलेला उठायचा तो कसा, तर आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांडीवर, असा हात मारत मारत उभा राहायचा. बघणारे टाळ्या पिटायचे. शड्डू ठोकतोय, शड्डू ठोकतोय! अप्पांच्या तोंडावर तेव्हा जे यायचं ना, ते मी नंतर कधी बघितलं नाही. मिशा नुसत्या हलायच्या. दुसऱ्या कुठल्या घरात हे पोर जन्मलं असतं, एखाद्या कारकुनाच्या, वाण्याच्या, तर त्यांनी कदाचित लवकर ओळखलं असतं की ह्याचं काहीतरी बिनसलंय. आमच्याकडे ते सगळं ताकदीच्या खात्यावर जमा झालं.

ओळखलं ते आईनं. खंडू शाळेत जायला लागला होता. शाळेच्या तीन पायऱ्या त्याला कुणाचा तरी हात धरल्याशिवाय चढता येत नव्हत्या. मुलं त्याला ढकलायची आणि तो ओंडक्यासारखा पडायचा. एकदा अप्पा जेवायला बसले असताना खंडू पाटावरून उठत होता. हात मांडीवर, मग वर, मग वर. अप्पा कौतुकानं बघत होते. आई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तो शड्डू ठोकत नाही हो. तो चढतोय. स्वतःच्याच अंगावर चढतोय."

अप्पांनी घास खाली ठेवला. "आळशी आहे. बायकांत वाढलाय. उद्यापासून बैठका."

मग बैठका सुरू झाल्या. सकाळी अंगणात अप्पा समोर उभे, खंडू बिचारा खाली बसायचा, आणि वर यायचं म्हटलं की पाय थरथरायचे. अप्पा रागावायचे नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांचा आवाज गोड असायचा. "अजून एक, माझ्या राजा. एकच." तेल लावून तासन्‌तास मालिश करायचे. बदाम वाढले, दूध वाढलं, पायाचं सूप आलं. आणि खंडूही जिद्दीचा, दात-ओठ खाऊन करायचा. जितकं करायचा तितका जास्त पडायचा. आता माझी नात कोरमंगलाला राहते, तिच्या मोबाईलवर तिनं मला अशा मुलांची चित्रं दाखवली, तशाच पोटऱ्या, तसंच ते उठणं. सगळं लिहून ठेवलेलं असतं म्हणे. मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, बाळ, आमच्याकडे कुणी लिहून ठेवलं नव्हतं ग.

दसऱ्याच्या दिवशी गरडीत पूजा असायची. गदा, मुद्गल, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी नवीन पोरांना पहिल्यांदा मातीत उतरवायचं. खंडूला नवीन लाल लंगोट शिवला होता. अप्पांनी त्याला कडेवर नाही, चालवत आत नेलं. पाठोपाठ सगळी गल्ली आत गेली आणि मी नि आई भिंतीला कान लावून उभ्या. नारळ फुटला. जयजयकार झाला. मग एकदम हशा, कारण खंडू त्याच्या जोडीच्या पोराला काहीतरी बोलला असणार, तो बोलायला भारी. मग धप्प. आणि मग काहीच नाही. गरडीत एक नियम होता, पडलेल्याला कुणी हात द्यायचा नाही. मातीत पडलेला मातीतून आपला आपण उठतो. आम्ही वाट बघत होतो शड्डूची, हुंकाराची, कशाचीतरी. एवढी पन्नास-साठ माणसं आत, आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही. आईनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या बांगड्या मला रुतत होत्या.

बऱ्याच वेळानं बुटक्या दारातून अप्पा बाहेर आले. दोन्ही हातांवर खंडू. एकटा माणूस वाकून येतो ते वेगळं आणि हातात पोर घेऊन वाकायचं ते वेगळं, त्यांना जवळजवळ गुडघ्यांवर यावं लागलं. दोघांच्या अंगाला लाल माती. खंडू म्हणाला, "अक्का, पाठ नाही लागली माझी. उपडा पडलो होतो. म्हणजे हरलो नाही." पाठ मातीला लागली की माणूस चीत, हरला, एवढं तो शिकला होता.

मग दंडूकडच्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटकडच्या एका मोठ्या इस्पितळात घोड्याच्या जटक्यातून नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, कानडी शांत बोलत होते. त्यांनी खंडूला खाली बसवलं आणि उठ म्हणाले. तो उठला, आपल्या पद्धतीनं. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं नाही. पोटऱ्या दाबून बघितल्या. म्हणाले, हे कमावलेलं मांस नव्हे. आतला स्नायू मरतोय आणि त्याच्या जागी चरबी भरतेय. पाय जातील, मग हात, मग छाती.

"व्यायाम वाढवू?" अप्पांनी विचारलं.

"एक बैठकसुद्धा नको. त्रास होईल त्याला."

अप्पा आपल्या हातांकडे बघत राहिले, मालिश करणाऱ्या. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, तुमच्या माहेरी कुणाला असं होतं का? आई म्हणाली, "माझा मामा. लहानपणीच बसला होता." बसला, म्हणजे उभं राहणं गेलं. आमच्यात असंच म्हणायचे. हे आईच्या बाजूनं येतं आणि मुलग्यांना होतं, डॉक्टर म्हणाले. मला तेव्हा ते निम्मं कळलं. उरलेलं निम्मं माझ्या लग्नानंतर कळलं, आणि मला एक मुलगी झाल्यावर मीच दुसरं मूल का नको म्हटलं ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा धड सांगू शकले नाही.

परत येताना आई जटक्यात अंग चोरून बसली होती. अप्पा आता काय बोलतात, ह्याची वाट बघत. दुसरा कुणी असता तर बोलला असता, पुढे आमची आत्या बोललीच, "तुझ्या माहेरची देणगी" म्हणून. अप्पांनी मार्केटपाशी जटका थांबवला, उतरले, नेहमी घ्यायचे तशी मल्लिगेची, मोगऱ्याची, माळ घेतली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "सरी, झालं, चला," जटकेवाल्याला म्हणाले. त्या विषयावर त्यांचं बोलणं आयुष्यभरात तेवढंच. आणि त्यानंतर कुणाच्या पोटऱ्यांकडे बघताना मी त्यांना पाहिलं नाही.

खंडू बसला. मग त्याची वेताची बुटकी खुर्ची आली, रहीमनं तिला लोखंडी पट्ट्या मारून दिल्या, आणि सकाळपासून तो जगलीवर. लोकांना वाटतं असं पोर म्हणजे घरात सुतक. तसं नव्हतं हो. अख्ख्या गल्लीला त्याची जीभ माहीत होती. भाजीवालीला म्हणायचा, "अक्का, तुझी वांगी माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसतायत." दोड्डप्पा, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, समाजाचे पुढारी, छाती काढून जायचे तर हा म्हणायचा, "दोड्डप्पा, पोट आत गेलं की काय? ओळखलंच नाही." आणि भिंतीपलीकडची कुस्ती तो नुसती ऐकून सांगायचा. "आता रहीम खाली. आता फिरला. लागली, पाठ लागली!" बाहेर आलेला पैलवान चिडून विचारायचा, कुणी सांगितलं तुला? हात उचलेनासे झाले तेव्हा मी त्याला कॉफीचा लोटा धरायची. म्हणायचा, "बघ अक्का, बेंगळुरात मी एकटाच पैलवान. ज्याला उचलायला चौघं लागतात."

पण दिवस जात होते तशी पाठ वाकडी होत गेली, गुडघे दुमडलेले ते तसेच आखडले. सरळ करायला गेलं की तो किंचाळायचा, म्हणून कुणी करायचं नाही. त्या पोटऱ्याही वाळून गेल्या. आडवं केलं की त्याला श्वास पुरायचा नाही. "मला चीत करू नका," म्हणायचा. म्हणून तो बसूनच झोपायचा, आईच्या पाठीला पाठ लावून. आई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि त्याचं सगळं ओझं तिच्यावर. किती वर्षं ती आडवी झाली नसेल, मला सांगता यायचं नाही. शेवटी शेवटी त्याची मानही राहीना. पुढे पडायची, आणि पडली की श्वास अडकायचा. म्हणून घरात जो कुणी त्याच्याजवळून जाईल तो न सांगता हात घालून मान सरळ करायचा. पाहुणेसुद्धा शिकले होते.

मिसरूड फुटायला लागलं होतं त्याला. धनुर्मासातली थंडी, छातीत कफ भरला. त्या दिवशी उजाडून गेलं, चूल पेटली नाही, म्हणून मी आत गेले, तर आई तशीच बसलेली, डोळे उघडे. "आई, उठ ना." ती हळू म्हणाली, "कशी उठू? मी उठले तर तो पडेल." तेव्हा मला कळलं.

अप्पांनी त्याला धरलं, तेव्हाच आई सुटी झाली.

दोड्डप्पा आले, समाजाची माणसं आली. लग्न न झालेल्या पोराला आमच्यात पुरतात, तशी तयारी सुरू झाली. तिरडी आली. आणि मग त्याला तिच्यावर ठेवायची वेळ आली तर ठेवणार कसा? गुडघे पोटाशी, पाठ कमानीसारखी. आडवा केला की कुशीवर कलंडायचा. कुणीतरी म्हणालं, गरम पाण्यानं शेकून बघा. दोड्डप्पा म्हणाले, "आता त्याला काही कळत नाही. दोघं जण गुडघ्यांवर जोर द्या, सरळ होतील. मग सुतळीनं बांधा." दोघं पुढे झालेसुद्धा.

आई माझ्या आठवणीत दोड्डप्पांपुढे कधी बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. ती उठली आणि खंडूच्या नि त्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. "हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी त्याचे गुडघे दुखू दिले नाहीत. आज दुखवणार नाही."

"अगं, पण न्यायचा कसा? असा? मोळीसारखा?"

दारात आमचे शेजारी बसप्पा उभे होते, विड्याच्या पानांचं दुकान होतं त्यांचं, लिंगायत. ते खाकरले. "वस्ताद, तुमच्यात बोलू नये मी. पण आमच्यात बसवूनच नेतात. बसवूनच पुरतात. त्याची खुर्ची आहे की. मी बांधतो नीट."

"ते तुमच्यात," दोड्डप्पा फाडकन म्हणाले. "आम्ही मराठे आहोत. उद्या समाज विचारेल, वस्तादानं पोराला लिंगायत करून पुरला का? ही आपली रीत नाही. तू असं करणार असलास तर मी खांदा देणार नाही, सांगून ठेवतो. दहाव्यालाही येणार नाही."

अप्पा कोपऱ्यात उकिडवे बसले होते. भावाच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते, गरडीच्या उत्सवात पहिला हार दोड्डप्पांना, पहिलं पान दोड्डप्पांना. आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही, ती खंडूच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, आता अप्पा मान खाली घालतील आणि हे दोघं आईला बाजूला करतील.

अप्पा उठले. भावाच्या पायांना हात लावला. म्हणाले, "अण्णा, मी त्याला पुष्कळ सरळ करून बघितला. माझ्यानं झालं नाही. आता तो जसा आहे तसाच नेणार."

आणि ते स्वतः आत जाऊन वेताची खुर्ची घेऊन आले.

दोड्डप्पा निघून गेले, आपली माणसं घेऊन. आणि शब्दाप्रमाणे दहाव्याला आले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घराकडून आम्हाला हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. खंडूला न्हाऊ घातलं अप्पांनी. बसप्पांनी खुर्चीला दोन बांबू बांधले, मागे केळीचा खुंट उभा केला, आपल्या घरून झेंडू आणला. डोक्याला रुमाल बांधला. खांदा द्यायला गरडीतली पोरं होती, कुरुबर, तिगळ, रहीम पुढच्या डाव्या बाजूला. कुणी कुणाला जात विचारली नाही.

बायकांनी पुढे जायचं नाही. मी उंबऱ्यावर उभी राहिले. आईला बाहेर येववलं नाही, ती आत भिंतीकडे तोंड करून बसली होती, पाठ ताठ. पोरांनी खुर्ची खांद्यावर घेतली. त्या गल्लीत खंडूनं सगळी वर्षं मान वर करून लोकांशी बोलण्यात घालवली होती. आता तो सगळ्यांच्या डोक्यांच्या वर होता. भाजीवालीनं टोपली खाली ठेवून हात जोडले. गल्लीच्या वळणावर समोरून येणारा कुणी अनोळखी माणूस, कुणी स्वामी चाललेत असं समजून चपला काढून बाजूला उभा राहिला.

आतून आईचा आवाज आला. "तुळसे, बसलाय ना नीट?"

"बसलाय ग."

"मान पडत असेल बघ त्याची. वळणावर हिसका बसतो."

मी टाचा उंचावून बघितलं. अप्पा खुर्चीच्या बाजूनं चालत होते. खांदा त्यांनी दुसऱ्यांना दिला होता, आणि एक हात वर करून, बोटं रुमालाखाली घालून, चालता चालता त्याची मान धरली होती.

"धरलीय, आई," मी म्हणाले. "अप्पांनी धरलीय."